गाळलेलं गाणं परत आणायचं, ते कशासाठी?

एखादं जुनं म्युझिकल नव्याने रंगमंचावर येणार आणि त्यात पहिल्या वेळी गाळलेलं एखादं गाणं परत घातलंय, अशी बातमी आली की ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट हरखतो. इतकं सुंदर गाणं इतकी वर्षं धूळ खात पडलं होतं, अखेर त्याला न्याय मिळाला, म्हणतो. दुसरा कपाळाला हात लावतो: लेखक-संगीतकारांनी स्वतःच्या हाताने काढलेली गोष्ट परत घालणारे तुम्ही कोण? मग पहिले गाण्याची थोरवी सांगत बसतात आणि दुसरे कर्त्यांच्या अधिकाराची. वाद रंगतो खरा, पण त्यात नाटकाचा विषय क्वचितच निघतो. एकाला फक्त गाणं दिसतं, दुसऱ्याला फक्त सही.

माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या राहून भांडताहेत. गाणं चांगलं आहे, एवढ्यावरून ते परत आणता येत नाही. आणि कर्त्यांनी ते गाळलं होतं, एवढ्यावरून त्याला दार बंदही करता येत नाही. विचारायला हवेत ते दोन प्रश्न. ते गाणं गेलं कशामुळे? आणि नाटकात ते जे काम करत होतं, ते आज दुसरं कुणी करतंय की तसंच पडून आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला कागदपत्रं चाळावी लागतात, दुसऱ्याचं शोधायला नाटक वाचावं लागतं. 'मला ते फार आवडतं' म्हणायला यातलं काहीच लागत नाही, आणि वाद तिथेच अडकतो त्याचं कारण बहुधा हेच असावं.

आधी गाळणाऱ्यांची बाजू, कारण ती जास्त भक्कम आहे. न्यूयॉर्कमध्ये पडदा उघडण्याआधी बॉस्टन, न्यू हेवन, वॉशिंग्टन अशा शहरांत चाचणी प्रयोग करायचे, दिवसा तालमीत बदल करायचे आणि रात्री ते तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर तपासायचे, ही ब्रॉडवेची जुनी रीत. म्युझिकल कागदावर अर्धंच लिहून होतं; बाकीचं या काही आठवड्यांत लिहिलं जातं, आणि त्यातलं बरंचसं लिहिणं म्हणजे खोडणं असतं. १९६२ मध्ये 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम' वॉशिंग्टनला होतं तेव्हा प्रेक्षक हसतच नव्हते. मदतीला दिग्दर्शक जेरोम रॉबिन्सला बोलावलं. त्याने दुखणं पहिल्याच गाण्यात शोधलं. 'लव्ह इज इन द एअर' हे नाजूक, गोड गाणं लोकांची तयारी करत होतं हलक्याफुलक्या प्रेमकथेची, आणि पुढे येत होता धसमुसळा फार्स. संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइमने त्या जागी 'कॉमेडी टुनाइट' लिहिलं. आज काय बघायचं आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळल्यावर लोक हसायला लागले. आता 'लव्ह इज इन द एअर' वाईट गाणं आहे का? मुळीच नाही. पण उद्या कुणी ते 'मूळ' म्हणून पुन्हा सुरुवातीला घातलं, तर नाटकाचं पहिलं दुखणंही त्याच्याबरोबर परत येईल.

शिवाय गाळलेलं गाणं वाया गेलं, हे रडगाणं तितकंसं खरं नाही. 'माय फेअर लेडी'च्या १९५६ मधल्या न्यू हेवनच्या मुक्कामात 'से अ प्रेयर फॉर मी टुनाइट' गळालं आणि दोन वर्षांनी 'जीजी' या चित्रपटात जाऊन बसलं. 'साउथ पॅसिफिक'मधून बाहेर पडलेली एक चाल नायिका मेरी मार्टिनच्या लक्षात राहिली होती. तिने आठवण करून दिली आणि त्या चालीवर 'द किंग अँड आय'मधलं 'गेटिंग टु नो यू' उभं राहिलं. संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्या 'बॉईज अँड गर्ल्स लाइक यू अँड मी'चं नशीब मात्र विलक्षण. ते 'ओक्लाहोमा!'मधून १९४३ मध्ये न्यूयॉर्कला पोचण्याआधी गेलं. मग एका चित्रपटासाठी जूडी गार्लंडवर चित्रित झालं आणि कापलं गेलं, दुसऱ्यासाठी फ्रँक सिनात्रावर चित्रित झालं आणि पुन्हा कापलं गेलं. शेवटी १९९६ मध्ये 'स्टेट फेअर'च्या रंगमंचीय रूपात त्याला ब्रॉडवेचं तोंड दिसलं. इतक्या जाणत्या लोकांनी इतक्या वेळा नाकारलेल्या गाण्याबद्दल, ते गोड असलं तरी, 'ओक्लाहोमा!'वर अन्याय झाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इथपर्यंत गाळणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण यावरून ते जो निष्कर्ष काढतात, की गाळणं म्हणजे कर्त्यांचा अंतिम निर्णय, तो पटत नाही. चाचणी प्रयोगांच्या त्या आठवड्यांत कात्री नेमकी कुणाच्या हातात होती, आणि ती हातात घ्यायला त्यांना कशाने भाग पाडलं?

'शो बोट' घ्या. संगीतकार जेरोम कर्न आणि हॅमरस्टाइन यांचं हे म्युझिकल १५ नोव्हेंबर १९२७ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेल्यावर पडदा पडला. निर्माता फ्लोरेन्झ झीगफेल्ड हा रंगीबेरंगी, नाचत्या-गात्या रेव्ह्यूंचा, म्हणजे कथेविना सुट्या नाच-गाण्यांच्या कार्यक्रमांचा, बादशहा. कात्री लागणारच होती, लागायलाही हवी होती. पण तिच्याखाली जे गेलं त्यात 'मिझरीज कमिंग अराउंड' होतं. मिसिसिपीवरच्या नाट्यनौकेवर राबणारे कृष्णवर्णीय लोक, नौकेवरच्या स्वयंपाकीण क्वीनीच्या तोंडून सुरू होणारं समूहगान, काहीतरी अभद्र येऊ घातलंय याची चाहूल. आणि ते अभद्र येतंच: गोरी म्हणून वावरणाऱ्या नटी जूलीचं कृष्णवर्णीय मूळ उघड होतं, गोऱ्या नवऱ्याशी तिचं लग्न कायद्याने गुन्हा ठरतं, तिला नौका सोडावी लागते. करमणुकीच्या रात्रीसाठी हे गाणं फार उदास होतं आणि घड्याळही पुढे पळत होतं. गाणं गेलं.

कर्नने मात्र ते सोडलं नाही. छापील स्वरलिपीत ते असलंच पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. नाटकाच्या सुरुवातीला वाद्यवृंद जी नांदी वाजवतो तिच्यात त्याच गाण्याची चाल ठळकपणे आहे. म्हणजे पडदा उघडण्याआधी प्रेक्षकाला एक सूचना मिळते आणि ती सूचना कशाची होती हे सांगणारं गाणं मात्र नाटकात येतच नाही. हा कर्त्याचा अंतिम निर्णय? मला तर ही कर्त्याची लेखी हरकत वाटते. आणि त्या गाण्याविना नाटकाचं काय होतं ते पाहा. कृष्णवर्णीय पात्रं नदीबद्दल गातात, कष्टांबद्दल गातात, ते अजरामरही झालंय; पण कथेच्या गाभ्यात जो अन्याय आहे त्याच्याकडे ती समूह म्हणून बघताना, तो आधीच ओळखताना दिसत नाहीत. जूलीवरचं संकट ही गोऱ्यांच्या कंपनीतली एक खळबळ होऊन बसते. ते काम त्या गाण्याचं होतं, आणि नंतरच्या कुठल्याही आवृत्तीत दुसऱ्या कुणी ते उचललं नाही. १९९३ मध्ये टोरोंटोत आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर दिग्दर्शक हॅरल्ड प्रिन्सने ते परत घेतलं तेव्हा माझ्या मते त्याने नाटकाची एक तुटलेली शीर जोडली.

काही कारणं तर याहूनही किरकोळ असतात. कोल पोर्टरने 'एनिथिंग गोज'साठी १९३४ मध्ये 'ईझी टु लव्ह' लिहिलं. नायक विल्यम गॅक्स्टनच्या गळ्याला त्याची पट्टी पेलेना, म्हणून त्या जागी 'ऑल थ्रू द नाइट' आलं. (गंमत अशी की दोन वर्षांनी तेच गाणं पडद्यावर गायला जेम्स स्ट्युअर्ट, ज्याला गायक कुणीच म्हणणार नाही.) एका नटाच्या गळ्याची मर्यादा पुढच्या सगळ्या नटांवर कायमची का लादायची? १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर थिएटरने ते परत घेतलं, ठीकच केलं.

आणि कधी कारण असतं निव्वळ भीती. नाझी सत्तेवर येत असतानाच्या बर्लिनमध्ये घडणाऱ्या 'कॅबरे'मध्ये सूत्रधार गोरिलाच्या वेशातल्या 'प्रेयसी'बरोबर नाचत गातो, की तुम्ही तिला माझ्या नजरेने पाहिलंत तर कळेल. शेवटची ओळ अशी, की मग ती मुळीच ज्यू दिसणार नाही. गाण्याचा सगळा डंख त्या ओळीत. तोवर हसणारा प्रेक्षक आपण कशाला हसत होतो ते कळून गप्प व्हावा, म्हणून ते लिहिलंय. १९६६ मध्ये ज्यू प्रेक्षकांनी दुखावून तक्रारी केल्या आणि ओळ बदलून तिथे निरुपद्रवी शब्द घातला गेला. चित्रपटात १९७२ मध्ये ती परत आली, पुढे रंगमंचावरही आली. तक्रार करणाऱ्यांचं दुखणं खोटं नव्हतं, हे मान्य करायलाच हवं; युद्धाला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. पण ती ओळ काढल्यावर गाण्यात उरलं काय? गोरिला आणि एक गमतीदार नाच.

आता पूर्णत्ववाद्यांकडे वळू. त्यांची मागणी वरवर फार सोज्वळ आहे: कर्त्यांनी लिहिलं ते सगळं दाखवा, निवडणारे तुम्ही कोण? या मागणीला जोर आला त्यालाही एक कारण आहे. १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या सिकॉकस इथे वॉर्नर ब्रदर्सच्या गोदामात हस्तलिखितांनी भरलेली खोकी सापडली. कर्न, गर्श्विन, पोर्टर, रॉजर्स अशा लोकांची गाणी आणि वाद्यवृंदाच्या वह्या, ज्यांतलं बरंच काही कायमचं हरवलं अशी समजूत होती. जे सापडतच नव्हतं ते परत आणायचा प्रश्न नव्हता. सापडल्यावर मात्र ते न वापरणं हाच जणू गुन्हा ठरला. अभ्यासकांना हा खजिना वाटावा यात नवल नाही. मलाही वाटतो. पण संग्रहात सापडलं म्हणून रंगमंचावर शोभेल, ही उडी कुणी आणि कशाच्या जोरावर मारली?

सगळंच परत आणायचं म्हणणाऱ्यांची परीक्षा पुन्हा 'शो बोट'नेच घेतली. १९८८ मध्ये वाद्यवृंद-संचालक जॉन मॅक्ग्लिनने त्याचं तीन सीडींचं ध्वनिमुद्रण केलं. गाळलेलं, बदललेलं, नंतर जोडलेलं, सगळं त्यात. मूळ संहितेशी इमान राखायचं म्हणून सुरुवातीच्या समूहगानातला कृष्णवर्णीयांसाठीचा तो हीन शब्दही ठेवला. बोलावलेल्या कृष्णवर्णीय गायकवृंदाने तो गायला नकार दिला आणि माघार घेतली. दुसरा वृंद आणून काम पुरं करावं लागलं. दस्तऐवज म्हणून ते ध्वनिमुद्रण मोलाचं आहे आणि तिथे तो शब्द राहणं मला समजू शकतं. पण रंगमंचावर? हॅमरस्टाइनच्या हयातीतच तो शब्द बदलत गेला होता. 'सगळं' म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे आज प्रयोगात तो शब्द परत मागतील. मग ते निवडतातच. गाणं निवडतात, शब्द सोडतात. निवड करायला माझी हरकत नाही. निवड करून तिला 'मूळ' म्हणायला आहे.

'अॅनी गेट युवर गन'चा १९९९ चा प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. १९४६ च्या मूळ नाटकात एक दुय्यम प्रेमी जोडपं होतं. १९६६ च्या पुनर्प्रयोगात ते त्यांच्या दोन गाण्यांसकट काढून टाकलं आणि संगीतकार अर्व्हिंग बर्लिनने एक नवं गाणं लिहून दिलं. १९९९ मध्ये ते जोडपं आणि त्यांची दोन्ही गाणी परत आली, १९६६ चं नवं गाणंही राहिलं, आणि अमेरिकेच्या आदिवासींची थट्टा वाटणारं 'आय अॅम अॅन इंडियन टू' हे मूळ गाणं गेलं. बर्लिन तोवर हयात नव्हता. एकाच प्रयोगात पुनर्स्थापना, भर आणि कात्री, तिन्ही. मला त्यातले काही निर्णय पटतात, काही नाहीत, पण प्रत्येकाला नाटकातलं काहीतरी कारण देता येतं. 'मुळाकडे परत' हे कारण मात्र एकालाही देता येत नाही.

तसं पाहिलं तर मूळ ही वस्तू आपण समजतो तितकी पक्की कधीच नसते, आणि हे मराठी रसिकाला तरी वेगळं सांगायला नको. देवलांचं 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक. पदं घालून ते 'संशयकल्लोळ' झालं १९१६ मध्ये. आज त्यातली पदं काढा म्हटलं तर कोण ऐकून घेईल? 'एकच प्याला'तली पदं वि. सी. गुर्जरांची, आणि गडकरी नाटक रंगमंचावर येण्याआधीच १९१९ च्या जानेवारीत गेले. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदं आहेत. रात्र रात्र प्रयोग चालायचे तेव्हा ती सामावायची. आजच्या प्रयोगाला तेवढा वेळ नाही, तेव्हा गाळावंच लागतं. पण गाळतो काय? रागदारीची, टाळ्यांची, लोक ज्यांची वाट बघत बसतात ती पदं राहतात. कथा पुढे नेणाऱ्या लहानशा साक्या आणि दिंड्या आधी जातात. मग दोन गाजलेल्या पदांच्या मधला मजकूर गद्यात भराभर उरकायचा आणि पुन्हा पेटी सुरू करायची. हे नाटक की बैठक? गाण्याची थोरवी हा एकच निकष धरला की कात्रीही चुकीच्या जागी लागते आणि जोडकामही चुकीच्या जागी होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ब्रॉडवेवर सापडलेलं नाही.

जॉर्ज गर्श्विनच्या 'पोर्गी अँड बेस'चा वाद मात्र खरोखर अवघड आहे. ३० सप्टेंबर १९३५ ला बॉस्टनला ते जवळजवळ पूर्ण झालं आणि फार लांबलं. १० ऑक्टोबरला न्यूयॉर्कला आलं तेव्हा बरंच काही गेलं होतं, त्यात पोर्गीचं 'बझर्ड साँग'ही. १९७६ मध्ये ह्यूस्टन ग्रँड ऑपेराने ते सगळं परत आणलं आणि हे ब्रॉडवेचं लांबलेलं नाटक नसून खरी ऑपेरा आहे, हे जगाला पटवलं. पूर्णत्ववाद्यांचा हा सर्वात मोठा विजय. पण १९८७ मध्ये चार्ल्स हॅम या अभ्यासकाने उलट बाजू मांडली: ही काटछाट जॉर्ज गर्श्विनच्या सहभागाने आणि संमतीने झाली होती, तेव्हा न्यूयॉर्कचं रूप हीच त्याची तयार कृती समजायला हवी. २००६ मध्ये वाद्यवृंद-संचालक जॉन मॉचेरीने नॅशव्हिलमध्ये तेच १९३५ चं आटोपशीर रूप ध्वनिमुद्रित केलं. म्हणजे पुनर्स्थापना झाली ती काटछाटीची! इथे माझे दोन प्रश्न लावले तर निवाडा एकमुखी येत नाही. 'बझर्ड साँग'बद्दल असं सांगतात की आठवड्याला आठ प्रयोग गाणाऱ्या पोर्गीचा गळा वाचावा, हेही ते काढण्यामागे होतं. ऑपेरागृहात रोज तोच गायक गात नाही, तेव्हा तिथे हे कारण उरत नाही. ब्रॉडवेवर उरतं. एकच गाणं एका जागी परत यावं आणि दुसऱ्या जागी येऊ नये, यात मला काहीही विसंगत वाटत नाही. एकच एक खरी आवृत्ती असलीच पाहिजे, हा हट्ट ग्रंथालयाचा आहे, रंगमंचाचा नव्हे.

ज्या पुनर्स्थापना मला निर्विवाद वाटतात, त्यांतली गाणी बहुधा फार थोर नाहीत, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. 'साउथ पॅसिफिक'मधलं 'माय गर्ल बॅक होम' १९४९ मध्ये गेलं, १९५८ च्या चित्रपटात दिसलं आणि २००८ मध्ये लिंकन सेंटरच्या प्रयोगात दिग्दर्शक बार्टलेट शरने परत घेतलं. छोटंसं, शांत गाणं. मैफिलीत कुणी त्याची फर्माईश करणार नाही. लेफ्टनंट केबल आणि नर्स नेली आपापल्या गावाची आठवण काढतात, इतकंच. पण हे दोघेही पुढे वंशभेदाच्या भिंतीवर आपटणार आहेत, आणि ती भिंत त्यांनी गावाहून बरोबर आणलेली आहे. माणसाला द्वेष करायला शिकवावं लागतं असं केबल पुढे गातो तेव्हा ते कुठे शिकवलं जातं, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. ते द्वेषाचं गाणं काढा, असा दबाव आला होता आणि रॉजर्स-हॅमरस्टाइन बधले नव्हते. छोटं गाणं मात्र वेळेसाठी मुकाट्याने गेलं. त्याच्या बाजूने भांडायला कुणी नव्हतं.

'द साउंड ऑफ म्युझिक'चं त्याहून गमतीचं. लोकांच्या डोक्यात १९६५ चा चित्रपट हेच मूळ आहे, म्हणून चित्रपटासाठी लिहिलेली 'आय हॅव कॉन्फिडन्स' आणि 'समथिंग गुड' ही रॉजर्सची गाणी रंगमंचावर मागितली जातात आणि मिळतातही. याउलट १९५९ च्या नाटकात असलेली आणि चित्रपटाने गाळलेली 'हाउ कॅन लव्ह सर्व्हाइव्ह' आणि 'नो वे टु स्टॉप इट' ही मॅक्स आणि एल्साची गाणी किती जणांना माहीत असतात? पण नाटकात कॅप्टन आणि त्याची वाग्दत्त वधू एल्सा यांचं ठरलेलं लग्न मोडतं ते राजकारणावरून. नाझी येणार आहेत, जुळवून घ्या, आपल्याला काय करायचंय, असं एल्सा आणि मॅक्स गोड चालीवर समजावतात आणि कॅप्टनला ते जमत नाही. ती गाणी काढली की लग्न मोडण्याचं कारण उरतं एक सोज्वळ दाई. ऑस्ट्रिया गिळली जात असताना सुखवस्तू माणसं कशी बोलतात, हे सांगणारी नाटकातली सगळ्यात टोकदार जागा हीच. चांगल्या-वाईटाची स्पर्धा लावली तर 'समथिंग गुड' जिंकेल. कामाची लावली तर बाकी दोन.

आता दुसऱ्या प्रश्नातली खरी अडचण. गाणं काढलं जातं तेव्हा त्याची जागा तशीच मोकळी राहत नाही. संवाद सांधले जातात, पुढचं गाणं अलीकडे सरकतं, पात्राचा प्रवास थोडा वेगळा होतो. सत्तर वर्षांनी पाहुणा दाराशी आला तर घरात त्याची खोली उरलेली नसते. म्हणून यशस्वी पुनर्स्थापना जुन्या जागी क्वचितच होते. सॉन्डहाइमच्या 'कंपनी'साठी १९७० मध्ये 'मॅरी मी अ लिटल' लिहिलं होतं ते शेवटासाठी. शेवटाचे बरेच पर्याय झाले, अखेर 'बीइंग अलाइव्ह' आलं आणि ते हलणं शक्य नव्हतं. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत 'मॅरी मी अ लिटल' परत आलं ते पहिल्या अंकाच्या शेवटी. लग्न कर माझ्याशी, पण थोडंसंच, असं म्हणणारा अविवाहित नायक रॉबर्ट मध्यंतराला तिथे उभा राहतो आणि शेवटच्या गाण्यापर्यंत त्याला जायला वाट उरते. कर्ते हयात होते, त्यांच्या संमतीने झालं. पण संमती नसती तरी ते बरोबरच असतं, कारण नाटकाला तिथे त्याची गरज होती. याला पुनर्स्थापना म्हणणंही तसं अपुरंच. हे जुन्या सामग्रीतून केलेलं नवं लेखन आहे.

आणि हीच गोष्ट जाहिराती लपवतात. 'पूर्वी कधीही न ऐकलेलं गाणं' असं छापलं की तिकीट खपतं, नवं ध्वनिमुद्रण निघतं, नटाला हातात एक जास्तीचं गाणं मिळतं. वारसदारांची परवानगी आहे, असं सांगितलं जातं. पण वारसदाराची परवानगी म्हणजे कर्त्याचं मत नव्हे, आणि नवी आवृत्ती बाजारात आली की वारसदाराचंही भलंच होतं. २०१७ च्या 'हेलो, डॉली!'त डेव्हिड हाइड पिअर्सला 'पेनी इन माय पॉकेट' मिळालं. १९६३ च्या चाचणी प्रयोगांत ते पहिल्या अंकाच्या शेवटी होतं. त्याऐवजी 'बिफोर द परेड पासेस बाय' आलं आणि अंक पिअर्सने रंगवलेल्या श्रीमंत व्यापारी व्हॅनडरगेल्डरच्या पैशांवर न संपता डॉलीच्या निश्चयावर संपू लागला. नाटक तिथेच सापडलं. २०१७ मध्ये ते दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला घातलं. गोड गाणं, गोड नट, नुकसान काही नाही. पण ते नसतं तर नाटकात काय कमी पडलं असतं? माझ्या निकषावर ते नापास होतं. एका चांगल्या नटाची सोय म्हणून त्याकडे डोळेझाक करता येईल. 'हरवलेला दुवा' म्हणून नाही.

गाळलेली गाणी मग ऐकायचीच नाहीत का? जरूर ऐकावीत, आणि त्यासाठी जागाही आहेत. न्यूयॉर्क सिटी सेंटरची 'एन्कोर्स!' ही मालिका १९९४ पासून जुनी म्युझिकल्स थोडक्या नेपथ्यात, वाद्यवृंदासह वाचून दाखवते. १९९८ च्या 'फॉलीज'च्या ध्वनिमुद्रणात गाळलेली गाणी शेवटी परिशिष्टात दिली आहेत, जिथे ती नाटकाचा तोल न बिघडवता तपासता येतात. हरवण्याची भीती आता खरी उरलेली नाही, तेव्हा 'रंगमंचावर आणलं नाही तर मरेल' हा भावनिक दबावही नको.

सॉन्डहाइम २०२१ मध्ये गेला. तोवर त्याच्या नाटकांत काय परत यायचं ते तो स्वतः सांगत असे. आता इतरांना सांगावं लागेल, आणि पहिली मोठी परीक्षा बहुधा 'मेरिली वी रोल अलाँग'ची असेल. १९८१ मध्ये सोळा प्रयोगांत ते बंद पडलं. १९८५ पासून सॉन्डहाइम आणि संहितालेखक जॉर्ज फर्थने ते पुन्हा पुन्हा दुरुस्त केलं. पदवीदान समारंभाची चौकट काढली, सुरुवातीच्या पार्टीतल्या 'रिच अँड हॅपी'च्या जागी 'दॅट फ्रँक' आणलं. ते सुधारलेलं रूप २०२३ मध्ये ब्रॉडवेवर तुफान चाललं. आता १९८१ च्या पहिल्या ध्वनिमुद्रणावर पोसलेले चाहते कधी ना कधी म्हणतीलच की जुनी गाणी परत आणा. त्यांना 'शो बोट'चा दाखला देता येणार नाही. इथे कात्री झीगफेल्डच्या हातात नव्हती, मध्यरात्र उलटली नव्हती, कुणाच्या गळ्याची पट्टी आड आली नव्हती. दोन माणसांनी वर्षानुवर्षं विचार करून ते गाणं काढलं आणि त्याचं काम दुसऱ्या गाण्याकडे सोपवलं, ज्यात नायक फ्रँकचे लोभी, तोंडपुजे मित्र अधिक स्पष्ट दिसतात. मला स्वतःला 'रिच अँड हॅपी' जास्त आवडतं. तरी ते तिथे नको.